चढावरचं शहर

कुणी "कशाला?" असं विचारलं, की आंटी चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "बघायचंय म्हणून." विषय संपला. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्याशी वाद घालायची सोय नसते.

कतारला, दोह्यातल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आंटी आणि मी शेजारी बसायचो. मी रोह्याची, त्या वसईच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाची मुलं त्यांच्याच पगारावर शिकली. रिटायर झाल्यावर त्यांना बोलिव्हियातलं ला पाझ बघायचं होतं. तिथे घरं डोंगरउतारावर चढत गेली आहेत आणि लोक रोपवेच्या पाळण्यात बसून कामाला जातात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं.

"वसई सपाट, दोहा सपाट," त्या म्हणत. "इथं चढ म्हणजे फ्लायओव्हर. सगळा जन्म सपाटीवरच काढू?"

भावाचा बेत वेगळा होता. त्याची सासू अंथरुणाला खिळली होती. आंटींनी घरी येऊन तिचं करावं, म्हणून त्याने स्वयंपाकघरालगतची खोली रिकामीही केली होती. एकदा जेवताना त्याचा फोन आला. हात भाताचा, म्हणून आंटींनी स्पीकर लावला.

"बाय, ह्या वयात एकटी बाई कुठं जाते? लोकांना काय सांगू?"

"डोंगर बघायला गेली म्हणून सांग. खोटं कशाला बोलायचं?"

त्याने फोन ठेवला, तो नंतर केलाच नाही. आंटी त्याचं नाव काढत नसत, पण मोबाइल वाजला की आधी नाव बघत.

आमच्याच डॉक्टरांनी बीपी तपासून सांगितलं, तिथे हवा विरळ आहे, न गेलेलं बरं.

"जायचं मी ठरवलंय, डॉक्टर. गोळ्या तुम्ही ठरवा."

मग रोज संध्याकाळी त्या हॉस्पिटलच्या पार्किंगचा रॅम्प चढायला लागल्या. वॉचमन हाक मारायचा, "मॅडम, लिफ्ट है."

"मालूम है," म्हणत त्या वर. एकदा मी सोबत गेले आणि अर्ध्यातच फतकल मारून बसले.

रिटायर झाल्या आणि निघाल्याच. ला पाझहून पहिला मेसेज आला : 'डोकं ठणकतंय. झोपून आहे. मागे फिरणार नाही.'

दोनेक दिवसांनी, आमची ड्युटी सुटताना, व्हिडिओ कॉल आला. आंटी पाळण्यात उभ्या होत्या. खाली विटांच्या रंगाची घरं एकावर एक, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, मागे बर्फाचा प्रचंड डोंगर. कॉलवर त्यांनी भावालाही घेतलं होतं. त्या कॅमेरा फिरवत राहिल्या.

"दम लागतोय का गं, बाय?" शेवटी त्याने विचारलं.

"लागतोय."

"मग बस ना खाली."

"बसून दिसत नाही."

तो म्हणाला, "तो पांढरा डोंगर... परत दाखव."

आता त्या वसईतच असतात, भावाच्या घराजवळ, पण स्वतःच्या भाड्याच्या खोलीत. सासूसाठी त्याने बाई ठेवली. इथे त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी बसते. मला मात्र आंटी त्या पाळण्यातच दिसतात. त्या कॉलच्या शेवटी मधलं स्टेशन आलं, दार उघडलं, बाकीचे उतरले. आंटींनी दांडा घट्ट धरला, आणि पाळणा त्यांना एकटीला घेऊन आणखी वर निघाला.