तुलनेसाठी ठेवलेलं गाव

केनियात सियायाकडच्या एका ल्यूओ लोकांच्या गावात दोर्सिला अविनो सुकी मासळी विकायची. तोंडाने फटकळ, पण पाहणीला येणाऱ्या ओचोलाशी कधी वाकडं बोलली नाही. पोरगा आपल्यातलाच होता. विद्यापीठाच्या गाडीतून यायचा, झऱ्याचं पाणी बाटलीत भरायचा आणि दारोदार विचारायचा, "आई, या आठवड्यात मुलांना जुलाब झाले का?"

जुलाबानेच तिची धाकटी अपोंडी गेली. पुढच्या फेरीला ओचोलाने तोच प्रश्न विचारला.

"कमी झाले," दोर्सिला म्हणाली. "मूलच एक कमी झालं ना."

त्याच सुमारास ती बहिणीच्या गावी गेली. तिथला झरा सिमेंटने बांधलेला, नळातून स्वच्छ धार. "कधी बांधला?"

"झाली तीन वर्षं. त्या गाडीवाल्यांनीच. तुमच्याकडे नाही का बांधला?"

दोर्सिला त्या रात्री जेवली नाही.

महिन्याभराने विद्यापीठाचे मोठे प्राध्यापक आले. सरकारने नेमलेल्या चीफने आंब्याखाली गाव जमवलं. दोर्सिला उभी राहिली. "त्यांना नळ आणि आम्हाला नुसते प्रश्न, असं का?"

प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "सगळीकडे एकदम बांधणं शक्य नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या. तुमचं गाव तुलनेसाठी राहिलं. नळाने फरक पडतो हे एरवी कळणार कसं? अभ्यास संपला की तुमचाही बांधू."

"म्हणजे आमची पोरं किती आजारी पडतात, ते बघत बसलात. आमच्या पाण्यात घाण आहे, हे कधी कळलं तुम्हाला?"

प्राध्यापकांनी ओचोलाकडे पाहिलं. ओचोला खाली मान घालून म्हणाला, "पहिल्याच वर्षी."

"मग पाणी उकळून प्या, एवढं सांगायला काय सिमेंट लागत होतं?"

चीफ तिला गप्प बसवायला उठला, तर बायकांनी त्यालाच खाली बसवलं.

पुढच्या फेरीला एकाही घराने दार उघडलं नाही. गाडी दोनदा येऊन रिकामी परतली. दोर्सिलाने बायकांना घेऊन झऱ्याभोवती काटेरी कुंपण घातलं, गुरं खालच्या ओढ्याकडे वळवली, आणि पाणी न उकळता पाजणाऱ्या घरात जाऊन भांडली.

वर्षभराने सिमेंट आलं. तिने ते परत पाठवलं नाही. गवंडी काम करत होते तेव्हा ती रोज तिथे उभी असायची. प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, "मला फार वाईट वाटतं."

"वाटू दे," ती म्हणाली, आणि गवंड्याला भिंत आणखी वर घ्यायला सांगितली.