कुळदेव विचारायचा राहिला

खाण बंद पडली आणि मी घरी बसलो. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं मी ताईचं लग्न जमवायला घेतलं. ताई एकोणचाळीस वर्षांची. आई गेल्यावर आधी माझ्या शिक्षणापायी, मग माझ्या लग्नापायी तिनं स्वतःचं लग्न पुढे पुढे ढकललं होतं. त्याचं ओझं माझ्या मनावर होतं आणि ते उतरवायची मला भलतीच घाई झाली होती.

स्थळ पेडण्याचं मिळालं. हायस्कूलात क्लार्क, चव्वेचाळीस वर्षांचा, निर्व्यसनी, मूळचा सावंतवाडीकडचा. मी कसून चौकशी केली. रागीट आहे का विचारलं, त्याच्या शेजाऱ्याला चहा पाजून घोरतो का तेही विचारलं. मग मुळगावला आमच्या घरी बघणी झाली. ताईनं उंडे पाव आणि बटाट्याची सुकी भाजी पुढे ठेवली. त्यानं एक उंडा खाल्ला आणि तिला विचारलं, "तुमी खाल्लें?"

आमच्या घरात तिला हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ताई चक्क लाजली. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

तेवढ्यात थोरल्या काकांनी सुपारी कातरत विचारलं, "तुमचो कुळदेव खंयचो?"

त्यानं देवळाचं नाव सांगितलं. तेच आमचं! आमच्यात एका कुळदेवाची माणसं भाऊ-बहीण. त्याचे पूर्वज कधीतरी सीमेपलीकडे गेले, आडनाव बदललं, देव तेवढा तोच राहिला. कुठलंही शहाणं माणूस हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतं. मी घोरण्यापर्यंत पोचलो आणि हाच विसरलो. ताई बशा उचलून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी यातूनही मार्ग काढला. "बरें जालें, भाव मेळ्ळो," म्हणत त्यांनी त्याला भाऊबीजेचं आमंत्रण देऊन टाकलं. मधल्या दोन महिन्यांत ताई फोनवर फार बोलायला लागली. मी आपला समजत होतो, नवा भाऊ मायाळू आहे.

भाऊबीजेला तो साडी घेऊन आला. आम्ही दोघं शेजारी शेजारी पाटावर बसलो. ताईनं मला टिळा लावला, ओवाळलं. मग ती त्याच्यासमोर आली, जराशी थांबली आणि तिनं ताट खाली ठेवलं.

"म्हाका एक भाव आसा," काकांकडे बघत ती म्हणाली. "तो पुरो."

काकांचा अडकित्ता हातातच राहिला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

साडी तिनं ठेवून घेतली. पेडण्याला रजिस्ट्रारकडे लग्नाची सही करायला गेलो तेव्हा तीच नेसली होती. साक्षीदार मी होतो. काका सहीला आले नाहीत, जेवायला मात्र आले.