पडलेल्या माणसाला हात

मार्गशीर्षातल्या दुपारी तालमीच्या उंच झरोक्यातून उतरणारे ऊन हौद्यातल्या लाल मातीवर विसावले की तिच्यातून एक मंद, आंबूस, उबदार गंध उठतो. त्यात मुरलेले ताक असते, तेल, हळद, लिंबू असते आणि कुणाकुणाच्या आज्या-पणज्यांचा जिरलेला घाम असतो. मी स्वतः कधी कुस्ती खेळलो नाही. मी पत्रके लिहितो, ती वाटतो आणि लोक ती न वाचता घडी घालून खिशात ठेवतात हे बघतो. पण आमच्या पेठेत जन्मलेल्या माणसाला तो गंध शिकवावा लागत नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात अर्धा हौदा बुजवून त्यावर करड्या, गुळगुळीत फरशा बसवल्या गेल्या तेव्हा पहिल्यांदा राग आला तो माझ्या नाकाला. तालमीतून सिमेंटचा वास येत होता.

फौजेच्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीने तालमीला दोन चष्मे दिले होते, त्यांच्यासाठी ही फरशी. चष्मे म्हणजे डोळ्यांवर बांधायची काळी खोकी. ती बांधली की समोर युद्धाचा खेळ उभा राहतो आणि दोन्ही हातांत धरायच्या बटणांच्या मुठींनी बंदूक चालवायची. फौजेत जाऊ पाहणाऱ्या पोरांची नजर याने तयार होते, असे अकॅडमीचे म्हणणे. मी पत्रक काढले. 'मातीवर फरशी घालणारे तुम्ही कोण?' असा मथळा दिला. चौकातल्या गाडीवाल्याने त्यात भडंग बांधून दिले, आणि तेवढ्यापुरता तरी माझा मजकूर घरोघरी पोचला.

त्या खेळात खरे तर युद्ध नाहीच, युद्धाचा सराव आहे. खेळातला सैनिक एका प्रचंड रिकाम्या दालनात उभा असतो. पायाखाली निळ्या रेघांची जाळी उजळते, तिच्यातून भिंती, जिने, खिडक्या वर येतात आणि प्रकाशानेच घडवलेली माणसे त्याच्यावर चालून येतात. म्हणजे चष्मा घातलेला आमच्या गल्लीतला पोरगा अशा सैनिकाचे सोंग घेतो, ज्याने स्वतःही चष्माच घातला आहे. तिथे कोपर खरचटत नाही, दम लागत नाही, ज्याला मारले त्याला आई नसते आणि स्वतः मेलो तर एक थंड, सुशिक्षित बाई म्हणते, ‘पुन्हा सुरुवात करा.’ असल्या खेळांनी लढाईचे शिक्षण किती स्वच्छ करून टाकले आहे! रक्ताचे ठिपकेसुद्धा दोन क्षणांत आपोआप विरघळतात, जणू कुणी मागून फडके फिरवत येते आहे.

दिगंबर वस्ताद तालमीतल्या लहान पोरांना कुस्ती शिकवतात. पंचेचाळिशी उलटलेला, मोडलेल्या कानांचा, मितभाषी माणूस. तालमीच्याच मागच्या खोलीत राहतो आणि मातीखेरीज दुसरे काही त्याला येत नाही. तालमीचे अध्यक्ष आबा यांनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितले, “दिग्या, रविवारपतोर ह्यातला सराव पुरा करून दाखीव. जमलं तर दोन्हीकडचा वस्ताद तूच. न्हाय जमलं तर अकॅडमीचा माणूस तयार हाय, आणि खोली त्याला लागणार.” यात दुष्टपणाही नव्हता. आबांच्या आवाजात सरकारी नळाला पाणी किती वाजता येईल हे सांगण्याइतकीच निर्विकारता होती.

त्या संध्याकाळी वस्ताद माझ्याकडे आले आणि दारातच म्हणाले, “काय पत्रकवाले, तुझा इरोध हाय म्हाईत हाय मला. पर तुलाच हे येतंय. शिकीव की मर्दा.”

कॉलेजच्या वसतिगृहात मी हे खेळ रात्रंदिवस खेळलो होतो, हे माझ्या कोणत्याही पत्रकात मी लिहिलेले नाही. मी हो म्हणालो. तत्त्व आणि माणूस यांत माणूस निवडला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी वस्ताद फरशीच्या कडेशी आले, वहाणा काढल्या, वाकले आणि फरशीला बोटे लावून ती कपाळाला टेकवली. पोरे खिदळली. “वस्ताद, तितं माती न्हाय!” एकजण ओरडला. “खाली हाय न्हवं,” वस्ताद म्हणाले. चष्म्याचा पट्टा त्यांच्या मोडलेल्या कानांवर बसेना. मी तो सैल केला, पुन्हा आवळला, आणि त्या बलदंड देहाला आंधळे होऊन उभे राहिलेले पाहताना मला उगाच अपराधी वाटले. ते काय बघत आहेत हे भिंतीवरच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होते.

पहिले काही बार फुकट गेले. मग एक शत्रू जिन्यावरून कोसळला आणि उताणा पडला. वस्तादांनी बंदूक खाली केली, सावकाश चालत त्याच्याजवळ गेले आणि त्याला उठवायला हात पुढे केला. उताण्या पडलेल्या त्या माणसाने गोळी झाडली. पडदा लाल झाला. बाई म्हणाली, ‘पुन्हा सुरुवात करा.’

पुन्हा तेच झाले. मग पुन्हा. हौद्यात उतरणाऱ्या पोराला डाव शिकवण्याआधी वस्ताद हे शिकवतात: समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, त्या क्षणापासून तो तुझा वैरी नाही, आधी त्याला हात दे, उठव, त्याच्या पाठीची माती झाड, मग विजयाचे काय ते कर. तीस-पस्तीस वर्षांत हे त्यांच्या बुद्धीत राहिले नव्हते, स्नायूंत उतरले होते. मनाला समजावता येते, खांद्याला कसे समजावणार?

“वस्ताद, तो पडलाय, मेला न्हाय,” मी म्हणालो. “पडल्यावर अजून दोन घाला.”

“चितपट झालाय की रं त्यो!”

“इथं चितपट नसतंय.”

“मंग संपतंय कवा?”

मी खेळ पुन्हा सुरू करून दिला. तीन दिवस मी त्यांच्या पाठीशी उभा राहून ओरडत होतो. आधी समजावत होतो, मग वैतागून, मग खोलीतले त्यांचे वळकटी केलेले अंथरूण डोळ्यांसमोर आणून घशाच्या शिरा ताणून: “पडला म्हणून थांबू नका! हाणा!” पोरांनी ते उचलले आणि सगळी तालीम एका सुरात ओरडू लागली. तालमीतल्या हलगीला असतो तसा त्या ओरडण्यालाही एक ठेका आला. शनिवारी दुपारी जिन्यावरचा माणूस कोसळला आणि वस्तादांचा खांदा क्षणभर पुढे झुकला, थबकला, आणि त्यांनी दोन गोळ्या झाडल्या. नंतरचे सगळे सोपे होते. रविवारी आबांनी पाठीवर थाप मारली, “हाय की दम अजून म्हाताऱ्यात!” पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. खोली राहिली.

चष्मा काढल्यावर वस्तादांच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उमटला होता. त्यांनी हळूच विचारले, “त्यो दर वेळंला मारतोयच काय रं? एकदाबी न्हाय उठत?”

“व्हय. दर वेळी,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती आनंदाने घेतली असती.

त्यानंतर मला पत्रक लिहिता आले नाही. कागद घेऊन बसलो की ‘तुम्ही’ हा शब्द पुढे सरकेना. आजवर माझी सगळी वाक्ये त्या शब्दापासून सुरू होत आली होती.

महिन्याभराने एका दुपारी मी तालमीत गेलो. ऊन झरोक्यातून तिरपे येत होते, पोरे मातीत आणि फरशीवर, दोन्हीकडे घुमत होती. एक चष्मा मोकळा होता. तो मी घातला. निळी जाळी उजळली, जिना वर आला, माणूस कोसळून उताणा पडला. मी बंदूक खाली केली आणि वाट पाहिली. त्याने मारले. मी पुन्हा सुरुवात केली. कितीदा, ते आठवत नाही. एकदा तरी तो चुकेल, दमेल, कंटाळेल अशी एक खुळी आशा होती. अखेर एकदा मी धावतच गेलो आणि त्याने बंदूक उचलायच्या आत त्याचा हात धरला. खेळातला माझा हात, नखांसकट, मनगटावरच्या शिरांसकट किती कसबाने रेखलेला, त्याच्या हातातून आरपार निघून गेला. झाडण्याची सोय होती, फेकण्याची होती, लपण्याची होती. पडलेल्याचा हात धरता यावा, हे तो खेळ घडवणाऱ्या कुणाच्या मनातच आले नव्हते.

बाई शांतपणे बोलली. तिच्या आवाजापलीकडून, खऱ्या तालमीतून, वस्तादांचा आवाज आला. कुणा पोराला ते सांगत होते, “पडला म्हणून थांबू नगंस. हाण.”

तो पोरगा फरशीवरचा होता की मातीतला, हे चष्म्यातून दिसत नव्हते. आणि चष्मा काढून बघायचा धीर मला झाला नाही.