पणजोबांचं नाव

निशिकांतराव भोर जेवायला बसले की सुचित्राताईंच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. भात वाफाळतोय, आमटी निवत चाललीय, पोटात कावळे ओरडताहेत, आणि हे गृहस्थ हात वर करून म्हणणार, "थांबा. आधी आजचं चांगलं सांगा." प्रत्येकाने दिवसभरातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि मगच पहिला घास घ्यायचा, असा भोरांच्या घरचा नियम. बरं, त्यासाठी लॉटरी लागायला हवी असंही नाही. निशिकांतरावांचं चांगलं म्हणजे काय, तर सिंगापूरच्या एमआरटी मेट्रोत थेट वुडलँड्सपर्यंत बसायला मिळालं, किंवा खाऊच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या बाईने न सांगता चहात साखर कमी घातली.

"तीस वर्षं ऐकतेय," सुचित्राताई म्हणायच्या, "एकदा तरी सांगा, बायको चांगली मिळाली म्हणून."

"ते रोजचंच आहे. रोजचं धरायचं नसतं."

माणूस मुळात साधा. जन्म इगतपुरीचा, डिप्लोमा नाशिकचा, आणि त्र्याण्णव सालापासून नोकरी सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात, वेल्डिंग तपासायची. सांधा बाहेरून कितीही चकचकीत असो, आत पोकळी असेल तर हा माणूस ती हुडकून काढणारच. यार्डातले वेल्डर त्यांना वचकून असत. आता साठी आलेली, वुडलँड्समधला फ्लॅट स्वतःचा झालेला, मुलगी ऋचा फिजिओथेरपिस्ट. कुणालाही वाटावं, सुखी माणूस. होतेही. पण त्यांच्या स्वतःच्याच घराण्यात एक पोकळी होती आणि ती त्यांनी जन्मभर झाकून ठेवली होती.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी हे गृहस्थ आणखी एक उद्योग करत. बाजारातून पांदानच्या, इथे गोड पदार्थांत घालतात त्या सुवासिक हिरव्या पानांची जुडी आणायची आणि पानं दुमडून, एकमेकांत अडकवून चार हातांचं काहीतरी विणायचं. मधे चौकोनी गाठ, चारी दिशांना एकेक हात. ते दारावर टांगायचं. वासाने शेजारची मलय बाई दरवर्षी विचारी, आज काय गोडधोड करताय? येणारे-जाणारे मराठी लोक म्हणत, "वा, गवताचं स्वस्तिक!" निशिकांतराव मान डोलवत. "आमच्याकडची पद्धत आहे," एवढंच सांगत. ते काही खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

दोन हजार सोळा साली ऋचाचं लग्न ठरलं. मुलगा मुकुल, पुण्याचा, इथल्या बँकेत इंजिनिअर, ईस्ट कोस्टला राहणारा. त्याचे आईवडील, मेधाताई आणि उल्हासराव, लग्नासाठी तीन महिने येऊन राहिले होते. उल्हासराव हसतमुख, निरुपद्रवी. मेधाताई मात्र मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त फक्त पगारापुरत्या. याद्या, वेळापत्रक, गुरुजी, हॉल, सगळं त्यांच्या हातात. त्यांनी एक दिवस फोन केला.

"निशिकांतराव, गुरुजींना कन्यादानासाठी तीन पिढ्यांची नावं हवीत. तुमचं, तुमच्या वडिलांचं आणि आजोबांचं."

"वडील पांडुरंग," निशिकांतराव म्हणाले. "आजोबा... महादेव."

"महादेव भोर? इगतपुरीचे? अहो, माझी मावसबहीण प्रणिता तिथेच दिली आहे की! तिला विचारते, ओळख निघेल."

फोन ठेवला आणि निशिकांतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. कारण इगतपुरीत महादेव भोर नावाचा माणूस कधी झालाच नव्हता.

त्यांच्या आजोबांचं नाव होतं मायकल हॅलोरन. आयर्लंडमधल्या क्लेअरचा माणूस, कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचं इंजिन चालवायचा. इगतपुरीच्या यमुना भोर नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं, गावाच्या नाकावर टिच्चून. मुलगा झाला, पांडुरंग. मुलगा दोन वर्षांचा असताना मायकल तापाने गेला. यमुना भावाच्या घरी परतली, पोराला मामाचं आडनाव लागलं, आणि शाळेत घालताना मास्तरांनी बापाचं नाव विचारलं तेव्हा मामाने समोरच्या देवळाकडे बघत सांगितलं, "महादेव." पांडुरंगाचे घारे डोळे बघून पोरं त्याला "गोऱ्याचं पोर" म्हणत. तो मारामाऱ्या करून घरी यायचा. मोठा झाल्यावर त्याने बापाचा विषयच घरात बंद करून टाकला.

पण यमुनाआजीने दोन गोष्टी सोडल्या नाहीत. जानेवारीअखेर नदीकाठचं लव्हाळं आणून ती चार हातांची खूण विणायची, कारण तिच्या नवऱ्याच्या गावी एका साध्वीच्या सणाला ती दारावर लावत. आणि जेवणाआधी आजचं चांगलं सांगायचं. मायकलच्या आजीने दुष्काळ पाहिला होता, शेतातले बटाटे काळे पडलेले आणि माणसं रस्त्यावर मेलेली. तेव्हापासून त्या घरात घास समोर आला की आधी काहीतरी चांगलं आठवायचं, अशी रीत पडली. छोट्या निशिकांतला आजीने हे सगळं लव्हाळं विणता विणता सांगितलं होतं. वडिलांच्या कानावर गेलं. त्यांनी मुलाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली: बाहेर बोलायचं नाही.

निशिकांतरावांनी शपथ पाळली. लग्नाआधी एकट्या सुचित्राताईंना सांगितलं, बस. वडिलांच्या श्राद्धाला दरवर्षी ते आजोबा म्हणून महादेवाचं नाव घेत आणि तिळाचं पाणी सोडत. मनातून शरम वाटायची. ज्या माणसाच्या रीतीने आपण रोज जेवतो, त्याला पाणीसुद्धा दुसऱ्याच्या नावाने? आणि आता पोरीच्या कन्यादानातही तेच?

"सांगून टाका," सुचित्राताई म्हणाल्या.

"आणि त्यांनी लग्न मोडलं तर? पोरीने माझं तोंड बघू नये मग."

"आणि त्या प्रणिताकडून कळलं तर? तेव्हा कुठल्या तोंडाने उभे राहणार आहात?"

निशिकांतराव पिशवी घेऊन पांदान आणायला बाजारात गेले.

जानेवारीचा शेवटचा दिवस रविवारी आला. मुकुल आणि त्याचे आईवडील दुपारी जेवायला येणार होते. सकाळी निशिकांतराव पानं विणायला बसले, पण तीनदा गाठ सुटली. चौथ्यांदा कशीबशी जमली.

मेधाताई आल्या, दारावरचं विणकाम निरखून बघत उभ्या राहिल्या आणि मग चपला काढून आत आल्या. पानं मांडली, पुरणपोळीवर तूप पडलं. मुकुलला घरची रीत माहीत होती.

"काका, आजचं चांगलं. तुम्ही सुरुवात करा."

निशिकांतरावांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला.

"आजचं चांगलं हे," ते म्हणाले, "की आज मी खरं सांगणार आहे. मेधाताई, मी तुम्हाला खोटं नाव दिलं. महादेव नावाचा कुणी नव्हता. माझे आजोबा मायकल हॅलोरन. आयरिश होते." आणि मग घाट, इंजिन, ताप, मास्तर, लव्हाळं, बटाटे, सगळं एका दमात बाहेर आलं. पुरणपोळ्या निवल्या.

आधी ऋचा तिच्या सिंगापुरी मराठीत ओरडली. "म्हणजे मी आयरिश आहे? आणि हे मला आत्ता सांगतोस? काय बाबा, टू मच लाह!" ती रागावली होती, रडतही होती, आणि बापाचा हातही तिने घट्ट धरला होता.

सगळे मेधाताईंकडे बघत होते.

"प्रणिताचा फोन गुरुवारीच आला," मेधाताई म्हणाल्या. "बिचारी तीन दिवस उन्हात महादेव भोर शोधत फिरली. महादेव सापडला नाही, पण नव्वदीच्या एका आजीबाई सापडल्या. त्यांना यमुना आठवत होती. आणि इंजिनवाल्या मायकल डायवरच्या गोष्टी त्यांनी आईकडून ऐकल्या होत्या."

"चार दिवस हिने मला तोंड उघडू दिलेलं नाही," उल्हासराव म्हणाले. "जेवू का आता?"

"थांबा हो. निशिकांतराव, माणूस गोरा होता की काळा, मला काय त्याचं? पण भर मांडवात पोरीला खोट्या माणसाची पणती म्हणून उभी करणार असाल, तर त्या घराशी सोयरीक नको, हे मी ठरवून आले होते. तुम्ही आज बोलला नसतात ना, तर जेवून उठले असते आणि लग्नाचं बोलणं तिथेच थांबवलं असतं."

निशिकांतरावांच्या तोंडून एवढंच निघालं, "हुश्श." लहान पोरासारखं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. सुचित्राताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच सगळ्यांना गरम पोळ्या वाढायला उठल्या.

मेधाताईंनी तिथूनच गुरुजींना फोन लावला. खरं नाव सांगितलं.

"गोत्र?"

"क्लेअरच्या माणसाचं गोत्र मी कुठून आणू, गुरुजी?"

"मग काश्यप," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. सोय आहे शास्त्रात. फक्त नाव नीट लिहून पाठवा, उच्चार चुकायला नको."

फेब्रुवारीत लिटिल इंडियातल्या एका देवळाच्या हॉलमध्ये लग्न लागलं. कन्यादानाला निशिकांतराव पाटावर बसले आणि गुरुजी खड्या आवाजात म्हणाले, "मायकलवर्मणः प्रपौत्रीं, पांडुरंगवर्मणः पौत्रीं, निशिकांतवर्मणः पुत्रीम्..." मागे कुणीतरी "मायकल?" असं कुजबुजलं. निशिकांतरावांनी मान खाली घातली नाही. गुरुजींच्या मागोमाग त्यांनी ते नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारलं, मोठ्याने. शंभर वर्षं होत आली, त्या माणसाला घरातल्या कुणीच चारचौघांत हाक मारली नव्हती. डोळे वाहत होते, वाहू दिले.

मग पंगत बसली. मठ्ठा आला, जिलेबी आली. सवयीने निशिकांतरावांचा हात वर गेला, सगळी पंगत थांबली. "आजचं चांगलं..." त्यांनी सुरुवात केली.

"राहू द्या," शेजारच्या पानावरून मेधाताई म्हणाल्या. "तुमचं आजचं चांगलं सगळ्या हॉलने ऐकलंय. जेवा आता."

आणि निशिकांतराव जेवले.