लाल दिव्यावर झेंडूचा हार

मंडळी, धडगावचा घाट उतरून आत्ताच शहाद्याला घरी पोचलोय. डोकं बधिर झालंय.

तिथल्या एका दवाखान्याचा युनिक्स सर्व्हर अडकत होता, म्हणून मला पहिल्यांदाच बोलावलं. सिकलसेल तपासणीचे सगळे रिपोर्ट त्यातच. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक गेली तरी दुसरीवर काम चालतं.

सर्व्हरवर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून लटकत होता. बाजूला केला, तर मागे एका डिस्कचा लाल दिवा, म्हणजे ती डिस्क गेलेली.

"हा कधीपासून?" मी काउंटरवरच्या ताईंना विचारलं.

"तो ते दसराले बी व्हता, भाऊ. पन काम ते चालूच शे ना!"

नवी डिस्क बसवली आणि उरलेल्या जुन्या डिस्कवरून तिच्यावर नक्कल चालू केली. इतके महिने एकटी राबलेली ती जुनी डिस्क, निम्म्यातच तिनं मान टाकली. बॅकअप? दोन डिस्क आहेत, मग वेगळा कशाला, म्हणून कुणी घेतलाच नव्हता.

तुमच्या ऑफिसातला लाल दिवा आजच बघा, असं लिहिणार होतो. पण चालू असलेल्या मशीनकडे बघतं कोण? तुम्ही बघता?

बाहेर बाकावर जीपनं डोंगरातून आलेली एक आई पोराच्या रिपोर्टसाठी थांबली होती. तपासणीला पोराचं रक्त पुन्हा द्यावं लागेल, असं नर्सनं तिला तिच्या पावरी बोलीत सांगितलं. तिनं पोराची बाही वर केली.