शिडाच्या दोराला मारलेली गाठ

निवृत्त झाल्यावर माणसं गच्चीवर बाग करतात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. माझ्या नवऱ्यानं शिडाची होडी घेतली. जुनी, दोन माणसांपुरती. संभाजीनगरहून समुद्र दिवसभराच्या रस्त्यावर, पण नाथसागर तासाभरावर, आणि धरण भरलं की पलीकडचा काठ दिसत नाही. आठ दिवस कोकणात शिकून आले आणि म्हणाले, "एक रात्र पाण्यावर काढू. संध्याकाळी निघायचं, सकाळी वरच्या अंगाला पोचायचं." मला पोहता येत नाही. तरी गेले, कारण ते एकटे गेले असते तर घरी बसून मी जास्त घाबरले असते.

सुकाणू त्यांच्याकडे, शिडाचा दोर माझ्याकडे. "हातातच धर. वारा वाढला की ढिला सोड," एवढंच माझं काम. अंधार पडेपर्यंत वारा इतका मंद होता की आम्ही निवांत भाकरी-ठेचा खाल्ला. मग वारा आला, गेला, बाजू बदलून पुन्हा आला. दोरानं माझे तळहात सोलून निघाले. मी फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याची लेक. कापसाची भरलेली गाडी माझ्या हातांनी आवळलेली. माझी गाठ बाजार येईपर्यंत हलायची नाही. मी तो दोर होडीच्या कडीला दोनदा गुंडाळला, वर गाठ मारली आणि हात चोळत बसले. अंधारात त्यांना दिसलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

पैठणच्या बाजूला वीज चमकली. "लांब आहे," ते म्हणाले. वारा एकदम पडला, आणि नंतर जो आला तो मागून धक्का द्यावा तसा आला. होडी कुशीवर कलली, पाणी आत आलं.

"दोर सोड! अगं, सोड!"

"सोडते ना!" मी ओरडले. गाठ भिजून दगड झाली होती. नखं मोडली, दातांनी ओढली, तसूभर हलली नाही. कापायला काही नव्हतं. कांदा आमच्यात बुक्कीनं फोडतात, चाकू कोण आणतो? होडी आणखी कलली. मी वळून पाहिलं तर सुकाणूपाशी कुणीच नव्हतं.

सुकाणू सुटल्यावर होडी आपसूक वाऱ्याकडे तोंड करून सरळ झाली आणि शीड नुसतं फडफडत राहिलं. पण ते कळायचं भान मला कुठलं? त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे हेही आठवलं नाही. ते मेले आणि मी मारलं, एवढंच डोक्यात. अशी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती. "अहो! अहो!" मी काळ्या पाण्याकडे ओरडत होते.

"बोलत राहा!" लांबून आवाज आला. "आवाजावर येतोय!"

काय बोलणार? तोंडाला येईल ते बोलले. होडी घेतलीच का, माझं कधी ऐकलंय का, आता बुडालात तर बघा. रडत रडत तीस वर्षांची उणीदुणी काढली. शेवटी एक हात होडीच्या काठावर आला. कॉलर धरून, ओढून, कसंबसं त्यांना आत घेतलं. धापा टाकत त्यांनी पहिल्यांदा दोर चाचपला. त्यांची बोटं गाठीवर आली आणि तिथंच थांबली. मग त्यांनी शीड खाली उतरवलं, आणि उजाडेपर्यंत आम्ही पावसात कुडकुडत बसलो.

सकाळी एका म्हाताऱ्या मासेमारानं आमची होडी आपल्या होडीमागं बांधून घेतली. त्यानं गाठ पाहिली.

"शिडाचा दोर बांधत असतेत व्हय, साहेब? कुणी मारली ही गाठ?"

"मीच," नवरा म्हणाला.

"लई येडेपणा केला. बाईमाणूस संगं घेऊन निघालात, तिचा जीव गेला असता तर?"

"चुकलं माझं."

म्हाताऱ्यानं काठ येईपर्यंत त्यांना फैलावर घेतलं. ते मान खाली घालून ऐकत होते. माझ्यादेखत माझ्या नवऱ्याला कुणी वाकडा शब्द बोललेला मी कधी खपवून घेतला नाही, सासूबाईंचासुद्धा नाही. त्या सकाळी मी पाण्याकडे बघत बसले, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.