आईच्या गालाचं महिन्याचं भाडं

माझ्या दादासारखा हेकट माणूस मी पाहिलेला नाही. आणि मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, म्हणजे हेकट काही कमी पाहिलेले नाहीत.

दादाचं फोटोचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे कॉम्प्युटर. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढले. आधी निगेटिव्हवर पेन्सिलने, मग कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर आल्यापासून त्याची एक शिस्त होती : मूळ फोटोला हात लावायचा नाही, दुरुस्ती वरच्या लेयरवर, म्हणजे फोटोवर पसरलेल्या पारदर्शक थरावर करायची. "खालचा माणूस आहे तसा राहिला पाहिजे. उद्या तो आपला व्रण परत मागायला आला तर?" आम्ही हसायचो. व्रण मागायला कोण येणार?

मी गेले.

आमच्या आईच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. लहानपणी उकळतं पाणी उडालं होतं. कोणी मोबाईल पुढे केला की तिचा हात गालावर गेलाच. जुने फोटो दादाने साफ करून दिले की मूळ फोटो ती टराटरा फाडून टाकायची. कॉम्प्युटर आल्यावर ती एकदाच कॅमेऱ्यासमोर बसली, सत्तरी झाली तेव्हा. तोच फोटो माझ्या घरी भिंतीवर आहे.

आईला जाऊन आठ महिने झाले. परवा नातीने त्या फोटोकडे बोट दाखवलं, "ही कोण?" मी सांगितलं, मग मीच नीट बघितलं. ती गुळगुळीत गालाची बाई मलाही कोण ते कळेना. लहानपणी मी त्या डागावर तळहात ठेवून झोपायचे. आता डोळे मिटले तरी तो येईना.

तडक दुकानात गेले. "दादा, आईची फाईल उघड. वरचा लेयर काढ. मला डागासकट प्रिंट पाहिजे."

"उघडत नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पूर्वी त्याने सॉफ्टवेअर एकदाच पैसे मोजून घेतलं होतं. तो कॉम्प्युटर मेला, नव्यावर ते चालेना. कंपनीने विकणंच बंद केलेलं. आता दर महिन्याला पैसे भरायचे. सहा वर्षं भरले. मग दर वाढवले, तेव्हा दादाने बंद केलं आणि कुठल्यातरी फुकटच्या प्रोग्रॅमवर पासपोर्टचे फोटो करत बसला. त्यात आईची फाईल उघडायची, पण सगळे लेयर एकात चिकटून. म्हणजे पुन्हा तोच गुळगुळीत गाल.

"मेहनत माझी, फाईल माझी, आई माझी," काउंटरवर हात आपटत तो ओरडला, "आणि कुलूप त्यांचं! एक दमडी देणार नाही!"

"तुझ्या एकट्याची आई नव्हती ती!" मी म्हटलं. फोटो काढायला आलेला माणूस मागच्या पावली निघून गेला.

राग मलाही आला होता. आपल्याच घरात जायचं तर भाडं भरा, हा कुठला न्याय? पण मला आई हवी होती. मी पडद्यामागे गेले, त्याच्या खुर्चीत बसले आणि माझं कार्ड काढलं. मेल्यांचं पैसे भरायचं बटण हे एवढं मोठं! वर्षाच्या आत सोडलं तर दंड, ते मात्र मुंगीएवढ्या अक्षरात.

"नको भरूस," दादा म्हणाला. मग पुन्हा, हळू आवाजात, "खरंच नको भरूस गं." मला वाटलं, हेका. भरले.

फाईल उघडली. बाजूच्या यादीत लेयर एकच होता. मी तो बंद केला, तर आईच गेली. स्क्रीनवर नुसते पांढरे-करडे चौकोन, म्हणजे खाली काहीच नाही.

"दादा, हे काय?"

तो पडद्याला धरून उभा होता. "आई शेजारी बसली होती. म्हणाली, वरवर झाकू नकोस, मुळातूनच काढ. मी काढला. कॉम्प्युटर आल्यापासून तेवढा एकच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि इतके दिवस कंपनीच्या नावाने बोंबा मारतोस?"

"फाईल नीट उघडत नव्हती ना," तो म्हणाला. "वाटायचं, मी डाग खाली ठेवलाही असेन."

मला त्याला बदडावंसं वाटत होतं. तो स्टूल ओढून बसला, नवा लेयर घेतला, कॉम्प्युटरचं पेन उचललं आणि लोकांचे डाग पुसणारा माझा भाऊ आईच्या गालावर डाग काढायला लागला.

"वर घे," मी म्हटलं. "डोळ्यापर्यंत यायचा."

"डोळ्यापर्यंत नव्हता."

"त्याच्यावर हात ठेवून मी झोपायचे, तू नाही. वर घे."

त्याने वर घेतला. मी स्क्रीनवर तळहात ठेवून बघितला. काच थंडगार होती, आणि डागाची कड भलत्याच बोटाखाली येत होती.

"चुकलं. पुसून परत काढ," मी म्हटलं. "महिन्याचे पैसे भरलेत मी."